जुने डॉक्टर बंद झाले, नवीन डॉक्टरकडे जायची हिंमतच होईना

टॉवेलवाला_४१ | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, हसू नका. वय ४१, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, बायको आणि दोन पोरं, बीपीची गोळी चालू आहे साडेचार वर्षांपासून. आमचे जे डॉक्टर होते पूर्व भागातले, त्यांनी दिवाळीत दवाखाना बंद केला. वय झालं त्यांचं, हात थरथरायलेत म्हणाले. माझ्या जन्माच्या आधीपासूनचे डॉक्टर, आजोबा यंत्रमागावर होते तेव्हापासून आमचं घर त्यांच्याकडेच. आत गेलं की पहिलं विचारायचे, काय रे, बाप कसा आहे, मग जीभ बघायची, मग गोळी. फीस कधी ५० च्या पुढं घेतली नाही.

आता बायकोनं विजापूर रोडला एका एमडी डॉक्टरचा नंबर लावून दिलाय. तीनदा लावला, तीनदा मी कॅन्सल केला. पहिल्यांदा म्हणालो दिवाळी होऊन जाऊदे, मग म्हणालो मार्गशीर्षात कारखान्यात ऑर्डर आहे, मग म्हणालो गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) झाला की जातो. आता गड्डा पण झाला. मागच्या गुरुवारी खरंच गेलो होतो, गाडी लावली, पायऱ्या चढलो, काचेच्या दारावर लिहिलं होतं चपला बाहेर काढा, तर काढल्या, आत बघितलं, दहाबारा लोक बसलेले, छाती अशी धडधडायला लागली की चपला परत घातल्या आणि खाली आलो. खाली उसाचा रस पिलो आणि घरी सांगितलं डॉक्टर आज नव्हते.

एवढा मोठा माणूस असून असं का होतंय कळेना. कुणाला झालंय का असं? काय केलं?


भाकरी_कडक | सोमवार, रात्री ११:५२

एवढं काय बे त्यात, पाच मिनिटाचं काम. जायचं, हात पुढं करायचा, चिठ्ठी घ्यायची, यायचं. आपण डॉ. कोटणीसांच्या गावची माणसं, ते १९३८ ला युद्ध चालू असताना चीनला गेले आणि तुम्हाला विजापूर रोडला जाववेना?


जुळे_सोलापूरकर | मंगळवार, सकाळी ७:१५

भाकरी, ते डॉक्टर होते बे, पेशंट नव्हते. 😄

टॉवेलवाले दादा, हसत नाही. मला दाताच्या डॉक्टरचं होतं असं. दाढ सुजून गाल भज्यासारखा झाला तेव्हा गेलो. उपाय काय सांगणार, मीच घाबरट.


रेणुका_तेलंगी_पाच्छा | मंगळवार, सकाळी ९:३०

टॉवेलवाले भाऊ, मला तुमचं ते चपलांचं वाचून अगदी भरून आलं. माझ्या आईचं असंच. आई घरात तेलुगू बोलते, मराठी कळतं पण दुखणं मराठीत सांगता येत नाही. पोटात 'मेलिपेडतुंदी' म्हणते, म्हणजे पिळवटल्यासारखं, आता हे नवीन डॉक्टरला कसं सांगायचं. जुने डॉक्टर तेलुगू बोलायचे. नवीन डॉक्टरकडं नेलं की आई आत जाऊन म्हणते "काही नाही, बरं आहे." बाहेर आली की रडते. मी सोबत आत गेले की भाषा मी सांगते पण मग बायकांच्या तक्रारी माझ्यासमोर सुद्धा सांगत नाही, भावासमोर तर अजिबात नाही. शेवटी शेजारच्या एका वयस्कर बाईंना घेऊन गेलो, त्यांना दोन्ही भाषा येतात आणि आईच्या मैत्रीण आहेत. त्या दिवशी आई वीस मिनिटं बोलली. मला सांगायचंय एवढंच की सोबत कोण नेतो याचा फार फरक पडतो. बायको नेण्याचा आग्रह नका करू तुम्हाला नको असेल तर, मित्राला न्या.


सिव्हिलची_सिस्टर | मंगळवार, दुपारी ३:०५

ड्युटीवरून आत्ता आले. दादा, तुमच्यासारखे मी रोज बघते. केसपेपरच्या लाईनीतून निघून जाणारी माणसं असतात, त्यात पैलवानासारखी पण असतात. छाती धडधडणं, हाताला घाम, तोंड कोरडं पडणं, हे सगळं शरीर पळायच्या तयारीत आलं की होतंच, त्यात लाज काही नाही.

आणि दुसरं. तुम्हाला बीपी आहे आणि दवाखान्यात तुम्ही घाबरता, म्हणजे तिथं मोजलेलं बीपी घरापेक्षा जास्त येणार हे जवळजवळ ठरलेलं. याला व्हाइट कोट इफेक्ट म्हणतात, डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. तुम्ही फक्त तोंड उघडून सांगायचं की मला दवाखान्यात आलं की धडधडतं, पाच मिनिटं बसू द्या. पायऱ्या चढून आल्या आल्या मोजू नका म्हणायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर म्हणजे छातीच्या उंचीला, शर्टाची बाही वर, आणि मोजताना बोलायचं नाही. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही. एकदा मोजून झालं की एकदोन मिनिटांनी परत मोजा. आमच्याकडं गर्दीत हे सगळं होत नाही हे मीच कबूल करते, पण मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

गोळी रोज घेताय ना?


टॉवेलवाला_४१ | मंगळवार, रात्री १०:२०

रेणुकाताई, सिस्टर, धन्यवाद. भाकरी तू पण ठीक.

सिस्टर तुमच्या शेवटच्या प्रश्नाला काय लिहायचं म्हणून दोनदा लिहून खोडलं. गोळी बंद आहे. सव्वा महिना झाला.

आता सगळंच सांगतो. साडेचार वर्षं म्हणालो पण डॉक्टरांकडं त्यातली पहिली दोन वर्षंच नीट गेलो, नंतर मेडिकलवर रिकामी स्ट्रिप दाखवायची आणि महिन्याची घेऊन यायची. मागच्या उन्हाळ्यात डोकं दुखायला लागलं म्हणून गेलो तेव्हा डॉक्टरांनी गोळी ५ एमजीची १० एमजी केली. त्यानंतर श्रावणात वगैरे पाय सुजायला लागले, संध्याकाळी मोज्याचा वळ उमटायचा, घोट्यावर बोट दाबलं की खड्डा. रात्री मोबाईलवर शोधलं, पाय सुजणे, बीपी, आणि आलं किडनी. माझ्या काकांचं डायलिसिस बघितलंय मी. मग कुणालाच नाही सांगितलं. दिवाळीनंतर दवाखाना बंद, मेडिकलवाला म्हणाला नवीन चिठ्ठी आणा जुनी लय झाली, आणि मी म्हणालो बरंच झालं.

म्हणजे खरं कारण धडधड नाही. नवीन माणूस मला विचारणार साडेचार वर्षं काय केलं, एक रिपोर्ट नाही, एक फाईल नाही, गोळी स्वतःच्या मनानं बंद. आणि मग तो किडनीचं सांगणार. मागं एका मोठ्या हॉस्पिटलात (नाव नको) आईला घेऊन गेलो होतो तेव्हा तिथल्या डॉक्टरनं सगळ्यांसमोर झापलं होतं मला, "शिकलेली माणसं तुम्ही, इतके दिवस काय झोपला होता का?" ते अजून कानात आहे.


भाकरी_कडक | मंगळवार, रात्री १०:३१

मालक माफ करा. मला वाटलं नुसतं घाबरताय.


रात्रपाळी_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११:४८

मी मेडिसिनला रेसिडेंट आहे, सोलापूरचाच, कुठं ते विचारू नका. ऑनलाइन तपासणी होत नसते त्यामुळं मी तुमचं निदान करत नाहीये, पण तीन गोष्टी विचारतो. एक, ती गोळी अम्लोडिपिन होती का? दोन, सूज दोन्ही पायाला सारखी होती की एकाच? तीन, गोळी बंद केल्यावर सूज उतरली का?

आणि आत्ता छातीत दुखणं, धाप लागणं, नजर अंधुक होणं, बोलताना जीभ अडखळणं, हाता-पायात कमजोरी यातलं काहीही असेल तर धागा बंद करा आणि कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.


टॉवेलवाला_४१ | बुधवार, सकाळी ६:५५

नाही तसं काही नाही. हो अम्लोडिपिनच, स्ट्रिप बघितली. दोन्ही पायाला. आणि हो... सूज उतरली. आठदहा दिवसांत. मला वाटलं किडनी आराम मिळाल्यामुळं बरी झाली.


रात्रपाळी_डॉक्टर | बुधवार, सकाळी ८:१०

किडनीला गोळीपासून सुट्टी मिळाली म्हणून बरी झाली, हे आजवर ऐकलं नव्हतं. 🙂

आता ऐका. अम्लोडिपिननं घोटे सुजणं हा त्या गोळीचा अगदी ओळखीचा साईड इफेक्ट आहे, डोस वाढवला की जास्त दिसतो. ती गोळी बारीक रक्तवाहिन्या सैल करते म्हणून पाणी खाली पायात झिरपतं, त्याचा किडनीशी संबंध असेलच असं नाही. ५ ची १० झाल्यावर सुरू आणि बंद केल्यावर गायब, हे डॉक्टरला सांगितलंत तर त्याचं अर्धं काम झालं. पण किडनी तपासायची नाही असं मी म्हणत नाहीये. इतकी वर्षं बीपी आहे तर क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी व्हायलाच पाहिजे, साधी रक्त-लघवी आहे ती. आणि गोळी बदलून मिळते, बीपीच्या गोळ्या एक नाही अनेक प्रकारच्या आहेत. तुम्ही पाच महिने जे मनात घेऊन फिरलात ते कदाचित नुसतं गोळी बदलून सुटणारं होतं.

जुन्या स्ट्रिपमधली उरलेली परत आपल्या मनानं सुरू पण करू नका, याच आठवड्यात दाखवा.

झापण्याबद्दल. खोटं बोलणार नाही, आम्ही झापतो. ऐंशी पेशंट झाल्यावर एक्क्याऐंशीव्यावर निघतं. पण बहुतेक वेळा राग येतो तो लपवल्याचा, कारण "गोळी घेतो" म्हणून पेशंटनं सांगितलं आणि बीपी तरी जास्त आलं तर आम्ही दुसरी गोळी वाढवून देतो, आणि तो घरी जाऊन दोन्ही घेतो आणि चक्कर येऊन पडतो. सुरुवातीलाच "बंद केलीय" म्हणणारा पेशंट आम्हाला सोपा.


हुतात्मा_एक्सप्रेस | बुधवार, दुपारी १:२०

मी आता पुण्यात असते, दर महिन्याला सोलापूर-पुणे. माझी भीती वेगळी, पुरुष डॉक्टरची. पुण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा तपासणीच्या टेबलावर चढायचं म्हटल्यावर घाम फुटला. मग कळलं की पुरुष डॉक्टर तपासताना बाई सोबत असावी हा पेशंटचा हक्क आहे, मागायला लाजायचं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णांच्या हक्कांची सनद केलीय त्यात हे आहे, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क पण आहे आणि आपली कागदपत्रं मागण्याचा पण. महाराष्ट्रात तर २०२१ पासून खाजगी हॉस्पिटलनं ही सनद भिंतीवर लावली पाहिजे असा नियमच आहे. आता तुमच्या भागात किती ठिकाणी लावलीय ते बघा. 😏

माझ्याकडनं एकच. तोंडानं सांगायला गेलं की माझं सगळं विसरतं, म्हणून मी कागदावर लिहून नेते. टेबलावर ठेवते, डॉक्टर वाचतात, मी तोवर श्वास घेते.


टॉवेलवाला_४१ | बुधवार, रात्री ९:४५

कागदाची आयडिया पटली. हिशेबाचा माणूस, लिहिता येतं. पण काय लिहू? जुनी काही कागदपत्रंच नाहीत.


नवीपेठ_मेडिकल | बुधवार, रात्री १०:०५

दुकानदार बोलतोय. स्ट्रिपा दाखवून गोळी नेणारे माझ्याकडं पण आहेत आणि आम्ही पण देतो, चूक आहे ती. दादा अर्ध्या पानाच्या वर लिहू नका, पानभर कोण वाचत नाही. कोणती गोळी, किती एमजी, कधीपासून, कधी बंद केली. पायाचं तारखेसकट. घरात कुणाला काय, काकांचं डायलिसिस, वडिलांचं काही असेल तर ते. पेनकिलर घेत असाल तर नक्की लिहा, गुडघ्याला, डोक्याला म्हणून लोक महिनोन् महिने खातात आणि सांगत नाहीत, त्यानं बीपी पण वाढतं आणि किडनीवर पण येतं. आयुर्वेदिक काढे, पावडरी, जिमचे डबे, सगळं. आणि ब्रँडचं नाव आठवत नसेल तर स्ट्रिपच घेऊन जा, खाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतंय.


रेणुका_तेलंगी_पाच्छा | बुधवार, रात्री १०:१५

आणि जुन्या डॉक्टरांच्या घरी का जात नाही? दवाखाना बंद झाला, माणूस आहे की. त्यांच्याकडं कार्ड असतील.


सिव्हिलची_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६:३०

बरोबर बोलली रेणुका. ॲडमिट असलेल्या पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायचं असतं आणि मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असतं असा नियमच आहे. पण तुमच्या डॉक्टरांना नियम सांगायला जाऊ नका, शेंगा चटणी घेऊन जा.


टॉवेलवाला_४१ | शनिवार, रात्री १०:५०

गेलो होतो डॉक्टरांकडं, जुन्या. चटणी नेली. त्यांनी ती लगेच फोडली आणि बायकोला (त्यांच्या) ओरडून भाकरी आण म्हणाले.

कार्ड सापडलं. पोस्टकार्डाएवढं, पिवळं पडलेलं, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रबर लावून ठेवलेली शेकडो कार्ड. माझ्या कार्डावर वर कोपऱ्यात इंग्रजी एन लिहिलेला, भोवती गोल. विचारलं हे काय. म्हणाले नर्व्हस. तू लहानपणापासून सुई बघितली की टेबलाखाली जायचास, म्हणून तुझं बीपी मी शेवटी घ्यायचो, आधी बापाचं विचारायचो, कारखान्याचं विचारायचो, तू बोलायला लागलास की मग पट्टा लावायचो. मला वाटायचं डॉक्टर गप्पिष्ट आहेत.

पायाचं सांगितलं त्यांना. गप्प बसले थोडा वेळ. मग म्हणाले, मी डोस वाढवला आणि महिन्यानं ये म्हणालो होतो, तू आला नाहीस. आवाज चढवला नाही अजिबात पण त्या झापणाऱ्यापेक्षा हेच जास्त लागलं.

कार्डाचा फोटो काढला. त्यांनी दोन ओळी लिहून पण दिल्या नवीन डॉक्टरसाठी, अक्षर मेडिकलवाल्यांशिवाय कुणाला वाचता येणार नाही. सोमवारी नंबर लावलाय. बायकोला सगळं सांगितलं, ती आधी चिडली, मग कपाटातून काकांच्या आजारपणाच्या वेळचे माझे लघवीचे रिपोर्ट काढले, मला माहीतच नव्हतं की तिनं ठेवलेत.


जुळे_सोलापूरकर | शनिवार, रात्री ११:०२

मी येतो सोबत सोमवारी, मी इथंच जवळ राहतो. मेसेज करा. आत येत नाही, बाहेर बसतो, चपला सांभाळतो.


सिव्हिलची_सिस्टर | रविवार, दुपारी ४:४०

जुळे, 👏

दादा बसल्या बसल्या धडधडलं तर नाकानं चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत हळू बाहेर, चारपाच मिनिटं. श्वास जोरात ओढायचा नाही, त्यानं गरगरतं, बाहेर सोडायचा तो लांब करायचा.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहिते. कुणाला दवाखान्याच्या नुसत्या विचारानं उलट्या होतात, महिनोन् महिने झोप उडते असं असेल तर ते वेगळं आहे, त्यावर पण उपचार असतात. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.


टॉवेलवाला_४१ | सोमवार, रात्री ९:३०

झालं.

सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळे वाट बघत असणार. जुळे सोलापूरकर खरंच आले, मला वाटलं होतं नुसतं म्हणतात. पाऊण तास बसलो. मध्ये एकदा उठलो होतो, त्यांनी फक्त माझ्या चपलांकडं बघितलं, परत बसलो.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान निघाले, पस्तिशीचे असतील. वर बघितलं नाही पहिली दोन मिनिटं, कॉम्प्युटरवरच. बाप कसा आहे वगैरे काही नाही. मी बोलायला गेलो आणि तोंड कोरडं, एक शब्द फुटेना, कागद सरकवला. कागदाची पहिलीच ओळ मी लिहिली होती, "मी गोळी डिसेंबरपासून स्वतः बंद केली आहे आणि हे सांगायला मला भीती वाटत होती." ती वाचून वर बघितलं. म्हणाले, बरं झालं लिहिलंत. मग चिठ्ठी वाचली जुन्या डॉक्टरांची, हसले, तो एन त्यांनी कॉम्प्युटरवर पण टाकला का माहीत नाही पण म्हणाले बीपी नंतर घेऊ.

पहिल्यांदा १६८/१०२ आलं. नंतर पोट, पाय तपासून झाल्यावर परत घेतलं, १५४/९६. म्हणाले जास्तच आहे, भीतीचा भाग थोडा आहे पण सगळा भीतीचा नाही. दुसरी गोळी दिलीय, वेगळ्या प्रकारची. क्रिएटिनिन, लघवी, पोटॅशियम, साखर, ईसीजी. ईसीजी तिथंच झाला, ठीक म्हणाले. घरी मशीन आणून सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून लिहून आणा म्हणाले, पहिला दिवस धरायचा नाही, आणि घरचं १३५/८५ च्या खाली आलं पाहिजे असं सांगितलं. हिशेबाचं काम आहे, ते जमेल.

एक विचारलं त्यांनी जे कागदावर नव्हतं. घोरता का? मी नाही म्हणालो, आणि बाहेर आल्यावर बायकोला फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं हसली. म्हणजे पुढच्या वेळी ते पण लिहावं लागणार.

आवडले का डॉक्टर? माहीत नाही अजून. झापलं नाही. गप्पा पण मारल्या नाहीत. फीस ४०० 😬


रात्रपाळी_डॉक्टर | मंगळवार, पहाटे २:१५

घोरण्याचं नक्की सांगा त्यांना, झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी आटोक्यात येत नाही. रिपोर्ट काय आले?


टॉवेलवाला_४१ | बुधवार, संध्याकाळी ७:४०

क्रिएटिनिन ०.९, म्हणजे नॉर्मल. लघवीत प्रथिनं नाहीत. साखर थोडी वर आहे, त्याचं शुक्रवारी बोलू म्हणाले. मी रिपोर्ट लॅबच्या बाहेर गाडीवर बसूनच उघडला, काकांची आठवण आली.

आता एक शंका. मशीन आणलं ऑनलाइन, त्याचा पट्टा माझ्या दंडाला कसातरी बसतो, कडेकडेनं सुटतोय, आणि आकडा दवाखान्यापेक्षा जास्त दाखवतोय. घरी पण घाबरतो की काय मी?


नवीपेठ_मेडिकल | बुधवार, संध्याकाळी ७:५५

नाही ओ, पट्टा लहान पडतोय. लहान पट्ट्यात आकडा खोटा जास्तच येतो. टेलरच्या टेपनं दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर याच्या मधोमध. साधा पट्टा ३२ सेंटीमीटरपर्यंत चालतो बहुतेक, त्याच्यावर असेल तर मोठा लागतो. मशीन घेऊनच या, लावून बघू. दुकान साडेनऊपर्यंत उघडं आहे.


टॉवेलवाला_४१ | बुधवार, रात्री ८:०२

३६ भरला. निघालो.